हॉलिवूडला चिनी नायिका हवी होती, पण ती भूमिका चिनी नटीला मिळाली नाही : ॲना मे वाँगची गोष्ट

१९३५ साली हॉलिवूडमध्ये एका सिनेमाच्या कास्टिंगची जोरदार चर्चा होती. एमजीएम स्टुडिओ पर्ल बक यांच्या ‘द गुड अर्थ’ या गाजलेल्या कादंबरीवर मोठ्या बजेटचा सिनेमा काढत होता. गोष्ट चीनमधल्या एका शेतकरी कुटुंबाची. ओ-लान ही तिची नायिका, मुकाट्यानं राबणारी आणि दुष्काळात घर तगवणारी शेतकऱ्याची बायको.

त्या वेळी अमेरिकेत सगळ्यांना माहीत असलेली चिनी वंशाची एकच नटी होती, ॲना मे वाँग. वय तीस, सिनेमातला अनुभव सोळा वर्षांचा. ही भूमिका तिलाच मिळायला हवी असं अनेकांना वाटत होतं. तिलाही ती मनापासून हवी होती.

भूमिका मिळाली युरोपातून आलेल्या लुईझ रायनर या गोऱ्या नटीला. मेकअप करून तिला चिनी दाखवण्यात आलं आणि या भूमिकेसाठी तिला सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचं ऑस्करही मिळालं.

असं का झालं, हे समजून घ्यायचं तर लॉस एंजेलिसमधल्या एका लॉन्ड्रीपर्यंत मागं जावं लागतं.

जन्म अमेरिकेत, पण कागदावर ‘कथित’ नागरिक

३ जानेवारी १९०५ रोजी लॉस एंजेलिसमध्ये ॲना मेचा जन्म झाला. घरचं चिनी नाव वाँग लिऊ त्सोंग. वडील लॉन्ड्री चालवायचे. तेही कॅलिफोर्नियातच जन्मलेले. म्हणजे या घराची अमेरिकेतली ही तिसरी पिढी होती.

पण १८८२ पासून अमेरिकेत चिनी मजुरांना प्रवेशबंदी करणारा कायदा लागू होता. जन्मानं मिळणारं नागरिकत्व चिनी वंशाच्या मुलांनाही लागू होतं, हे सुप्रीम कोर्टानं १८९८ मध्ये मान्य केलं होतं. तरी परदेशी जाताना अशा नागरिकांना ‘फॉर्म ४३०’ भरावा लागे. तो न भरता गेलं, तर परत येताना अडवलं जाण्याची भीती. फॉर्मच्या शीर्षकातच अर्जदाराला चिनी वंशाचा ‘कथित’ अमेरिकन नागरिक म्हटलेलं असे. ॲना मे पुढे जगभर गाजली, तरी हा फॉर्म तिला चुकला नाही.

शाळेत गोरी मुलं चिडवायची, त्रास द्यायची. शेवटी आईवडिलांनी तिला चिनी मुलांच्या मिशन शाळेत घातलं. तिचं लक्ष मात्र सिनेमाकडे होतं. डब्यासाठी मिळालेले पैसे वाचवून ती सिनेमे बघायची. शहरात रस्त्यावर शूटिंग चालायचं, तिथं शाळा बुडवून उभी राहायची. वडिलांना हे अजिबात पसंत नव्हतं. तरीही १९१९ मध्ये ‘द रेड लँटर्न’मध्ये तिला गर्दीतलं एक छोटं काम मिळालं आणि १९२२ मध्ये, सतराव्या वर्षी, ‘द टोल ऑफ द सी’ची नायिका म्हणून ती पडद्यावर आली. हा सुरुवातीच्या टेक्निकलर सिनेमांपैकी एक. गोष्ट ‘मादाम बटरफ्लाय’च्या वळणाची : गोऱ्या माणसावर प्रेम करणारी चिनी मुलगी, तो सोडून जातो, ती जीव देते.

पुढे तिला असंच वारंवार मरावं लागलं. १९२४ मध्ये डग्लस फेअरबँक्ससोबतच्या ‘द थीफ ऑफ बगदाद’मधली कारस्थानी मंगोल दासी गाजली. त्यानंतरही कधी दासी, कधी खलनायिका, कधी गोऱ्या नायकासाठी मरणारी बिचारी, एवढंच वाट्याला येत राहिलं.

कंटाळून १९२८ मध्ये ती युरोपला गेली. बर्लिन आणि लंडनमध्ये तिला मोठ्या भूमिका मिळाल्या. तिथं ती जर्मन आणि फ्रेंच शिकली. १९२९ चा ‘पिकॅडिली’ हा मूकपट आज तिच्या उत्तम कामांमध्ये गणला जातो. त्याच वर्षी लंडनच्या रंगमंचावर ती तरुण लॉरेन्स ऑलिव्हिएसोबत उभी राहिली, तेव्हा समीक्षकांना तिचे उच्चार फारच अमेरिकन वाटले. अमेरिकेत जी चिनी ठरत होती, ती लंडनमध्ये पुरेशी चिनी वाटत नव्हती! तिनं पदरचे पैसे खर्चून उच्चारांची शिकवणी लावली.

१९३२ मध्ये मार्लिन डिट्रिचसोबतचा ‘शांघाय एक्स्प्रेस’ आला. दोघींच्या प्रसंगांत नजर ॲना मेवरच खिळते.

एका नियमानं अडवलेली वाट

आता पुन्हा ‘द गुड अर्थ’कडे. ॲना मेच्या आड आलेला एक मोठा अडथळा लेखी नियमाचा होता. हॉलिवूडनं १९३० मध्ये स्वतःसाठी एक आचारसंहिता केली होती. तिला ‘हेज कोड’ म्हणतात. १९३४ पासून ती कडकपणे लागू झाली. वेगवेगळ्या वंशांच्या स्त्री-पुरुषांचे प्रेमसंबंध पडद्यावर दाखवायचे नाहीत, असं त्यात एक कलम होतं. मजकुरात उल्लेख गोऱ्या आणि काळ्यांचा, पण स्टुडिओ आशियाई कलाकारांच्या बाबतीतही तीच रेघ पाळत. कॅलिफोर्नियात तर गोऱ्या व्यक्तीनं चिनी वंशाच्या व्यक्तीशी लग्न करणंच बेकायदा होतं. ती बंदी कोर्टानं १९४८ मध्ये रद्द केली.

‘द गुड अर्थ’च्या नायकाच्या भूमिकेत होते पॉल मुनी, म्हणजे चिनी दिसण्यासाठी मेकअप केलेले गोरे नट. मग त्यांची बायको चिनी वंशाची कशी चालणार? गोऱ्यानं चिनी असल्याचं सोंग आणलेलं चालत होतं, पण त्याच्या शेजारी खरोखरची चिनी नटी चालत नव्हती.

ॲना मेपुढे दुसरी भूमिका आली, लोटसची. ही त्या घरात फूट पाडणारी, नायकाची दुसरी बाई. नायक-नायिका गोरे आणि नकारात्मक भूमिकेत तेवढी चिनी वंशाची नटी, हे तिला मान्य नव्हतं. लोटसची भूमिकाही शेवटी एका गोऱ्या नर्तिकेनं केली. ॲना मेची धाकटी बहीण मेरी मात्र याच सिनेमात एका छोट्या भूमिकेत दिसते.

चीनमध्ये तरी?

जानेवारी १९३६ मध्ये ॲना मे आयुष्यात पहिल्यांदा चीनला निघाली. वडील तेव्हा दक्षिणेतल्या ताईशान भागातल्या मूळ गावी राहायला गेले होते. शांघायमध्ये तिचं जंगी स्वागत झालं. पण तिथली मँडरिन भाषा तिला येत नव्हती, घरी दक्षिणेकडची बोली बोलली जायची. तिनं मँडरिनचे धडे घेतले, चिनी रंगभूमीचा अभ्यास केला, प्रवासाबद्दल अमेरिकन वृत्तपत्रासाठी लेख लिहिले.

मोठा धक्का होता नानजिंगमध्ये. जेवणाच्या कार्यक्रमात तिथल्या अधिकाऱ्यांनी तिला तिच्या भूमिकांवरून धारेवर धरलं. चिनी बाईची बदनामी करणारी कामं तिनं का स्वीकारली, हा त्यांचा सवाल होता. हॉलिवूड आपल्याला दुसरं काही देतच नाही, हे तिला परोपरीनं समजावून सांगावं लागलं. त्यांचा राग समजण्यासारखा होता. पण या भूमिका लिहिणारे आणि निवडणारे लोक हजारो मैलांवर होते, आणि जाब द्यायला समोर ती एकटी बसली होती.

परतल्यावर पॅरामाउंटच्या ‘डॉटर ऑफ शांघाय’मध्ये (१९३७) तिला अखेर शूर, सरळ वळणाची चिनी-अमेरिकन नायिका मिळाली. नायकही आशियाई होता, कोरियन वंशाचा फिलिप आन. सिनेमा लहान बजेटचा होता. दुसऱ्या महायुद्धात तिनं जपानविरोधी दोन सिनेमे केले आणि त्यांचं मानधन चीनच्या मदतनिधीला दिलं. १९४३ मध्ये अमेरिकेनं चिनी प्रवेशबंदीचा कायदा मागे घेतला, कारण चीन आता युद्धातला मित्र होता. पण वर्षाला प्रवेश ठेवला फक्त १०५ जणांना.

१९५१ मध्ये टीव्हीवर ‘द गॅलरी ऑफ मादाम लिऊ-त्सोंग’ ही मालिका आली. आशियाई वंशाची अमेरिकन कलाकार मुख्य भूमिकेत असलेली ही अमेरिकेतली पहिली मालिका, आणि तिच्या नावात ॲना मेचं घरचं नाव होतं. तिचा एकही भाग आज उपलब्ध नाही.

१९६१ च्या ‘फ्लॉवर ड्रम साँग’मध्ये, म्हणजे बहुतांश आशियाई कलाकार असलेल्या हॉलिवूडच्या मोठ्या सिनेमात, तिला भूमिका मिळाली होती. पण ३ फेब्रुवारी १९६१ रोजी हृदयविकाराच्या झटक्यानं ती गेली. वय ५६. ती भूमिका मग हुआनिता हॉल या कृष्णवर्णीय नटीनं केली.

२०२२ मध्ये अमेरिकी सरकारनं पाव डॉलरच्या नाण्यावर तिचा चेहरा छापला. अमेरिकेच्या चलनावर आलेली ती पहिली आशियाई-अमेरिकन व्यक्ती. तिच्या अस्थी लॉस एंजेलिसमध्ये आईच्याच कबरीत आहेत. दगडावर आईचं नाव इंग्रजीत आहे आणि बाजूला दोन्ही मुलींची नावं चिनी लिपीत.