उठायचं कधी?

हॉस्टेलच्या खोलीत पत्त्यांचा डाव रंगलाय. रात्रीचे दोन वाजून गेलेत, सकाळी सबमिशन आहे, हे सगळ्यांना माहीत आहे. जो जिंकतोय तो उठत नाही, कारण आज त्याचं नशीब जोरावर आहे. जो हरतोय तोही उठत नाही, कारण गेलेलं परत मिळवल्याशिवाय त्याला झोप लागणार नाही. आणि जो ना जिंकतोय ना हरतोय, तो बसून राहतो, कारण बाकीचे बसलेत. थोडक्यात, उठायचं कारण कुणाकडेच नसतं. पोकर मन लावून खेळणारे म्हणतात की या खेळातलं सगळ्यात अवघड कौशल्य पत्ते ओळखण्याचं नाही, सेशन संपवण्याचं आहे.

ही एकच गोष्ट शिकायला जगातल्या एका फार मोठ्या लेखकाला आठ वर्षं लागली. माणसाच्या मनाचे कानेकोपरे त्याच्याइतके फार थोड्या लेखकांनी धुंडाळले असतील. तरीही स्वतःच्या मनापुढे तो पुन्हा पुन्हा हरला. त्याचं नाव फ्योदोर दोस्तोयेव्हस्की.

गुपित माहीत असलेला माणूस

१८२१ साली मॉस्कोत, गरिबांच्या रुग्णालयातल्या डॉक्टरच्या घरी जन्म. पीटर्सबर्गच्या लष्करी इंजिनीअरिंग कॉलेजात शिक्षण. चोविसाव्या-पंचविसाव्या वर्षी पहिल्याच कादंबरीने नाव झालं. मग १८४९ साली सरकारविरोधी मंडळींच्या बैठकांना जातो म्हणून अटक झाली. डिसेंबरच्या कडाक्याच्या थंडीत त्याला साथीदारांसह चौकात उभं केलं, मृत्युदंड वाचून दाखवला आणि बंदुका रोखल्यावर शिक्षा बदलल्याचं जाहीर केलं. त्यानंतर चार वर्षं सैबेरियात सक्तमजुरी आणि पुढची काही वर्षं सक्तीचं सैनिकी जीवन. पीटर्सबर्गला परतायला १८५९चं साल उजाडलं.

मरणाच्या दारातून परत आलेला हा माणूस १८६३च्या उन्हाळ्यात युरोपात फिरायला निघाला आणि वाटेत जर्मनीतल्या वीसबाडेनला थांबला. त्या काळी श्रीमंत लोक औषधी पाण्याच्या झऱ्यांवर तब्येत सुधारायला यायचे आणि संध्याकाळी त्याच गावातल्या कॅसिनोत खिसा हलका करून जायचे. दोस्तोयेव्हस्की रुलेटच्या टेबलापाशी बसला आणि दहा हजारांहून जास्त फ्रँक जिंकला.

पुढे त्याने जे केलं ते अगदी शहाणपणाचं होतं. तो उठला. खोलीवर गेला, पैसे बॅगेत टाकले, कुलूप लावलं आणि गाव सोडायचं ठरवलं. सेशन संपवण्याचं याहून चांगलं उदाहरण सापडणार नाही. पण गाडीला वेळ होता. तो पुन्हा कॅसिनोत गेला आणि जिंकलेल्यातले जवळजवळ निम्मे घालवून बसला.

गंमत पुढेच आहे. निम्मे गेले तरी निम्मे उरले होते, त्यामुळे आपण खेळात पास झालो असंच त्याला वाटलं. त्याने नातेवाइकांना पत्रातून कळवलं की जिंकायचं गुपित आपल्याला सापडलंय. ते गुपित फारच साधं होतं. डोकं शांत ठेवायचं, क्षणभरही तापू द्यायचं नाही, बस्स. काही पैसे त्याने आजारी बायकोसाठी घरी पाठवले. मग बाडेन-बाडेनला गेला, तिथे उरलेले सगळे हरला आणि घरी पाठवलेल्यातलेच थोडे परत मागायची वेळ आली.

नियम बरोबर होता, असं आपण म्हणू शकतो. पण डोकं शांत ठेवायचं काम त्याने त्याच डोक्यावर सोपवलं होतं, जे टेबलावर बसताच तापत होतं. पोकरवाले याला टिल्ट म्हणतात. टिल्टवर गेलेल्या माणसाला आपण टिल्टवर गेलोय हेच कळत नाही.

शिवाय रुलेट हा पोकरही नव्हता. पोकरमध्ये निदान समोरचा माणूस चुकू शकतो. रुलेटच्या चाकावर एक ते छत्तीस आकडे आणि वर एक शून्य, म्हणजे सदतीस घरं असतात. एका आकड्यावर लावलेला डाव लागला तर पस्तीसपट मिळतात. म्हणजे सदतीस वेळा एक-एक रुपया लावला, तर सरासरीने एक रुपया कॅसिनोचा होतोच. एखाद्या संध्याकाळी नशीब साथ देतं, पण जितका वेळ बसाल तितकं ते शून्य आपलं काम करत राहतं. इंजिनीअरिंग शिकलेल्या माणसाला हे गणित अवघड नव्हतं. पण तो गणित खेळतच नव्हता.

कर्ज, कादंबरी आणि सव्वीस दिवस

१८६४ साली काही महिन्यांच्या अंतराने त्याची बायको गेली आणि मोठा भाऊ मिखाइलही गेला. भावाचं कुटुंब आणि दोघांनी मिळून चालवलेल्या मासिकाचं कर्ज त्याच्या डोक्यावर आलं. मासिक बंद पडलं. देणेकरी तुरुंगात टाकायच्या धमक्या देऊ लागले.

तेव्हा स्टेलोव्हस्की नावाच्या प्रकाशकाने तीन हजार रूबल पुढे केले. अट अशी की १ नोव्हेंबर १८६६पर्यंत एक नवी कादंबरी द्यायची. नाही जमलं तर पुढची नऊ वर्षं दोस्तोयेव्हस्की जे लिहील ते प्रकाशक फुकट छापणार. त्याने सही केली. पैसे बहुतेक देणेकऱ्यांच्या घशात गेले. उरलेले थोडे खिशात घालून तो पुन्हा वीसबाडेनला गेला आणि पाच दिवसांत घड्याळासकट सगळं हरला. हॉटेलवाल्याने जेवण बंद करून नुसता चहा चालू ठेवला. लेखक तुर्गेन्येव्हकडे त्याने शंभर थालेर उसने मागितले, त्याने पन्नास पाठवले. ते फेडायला दोस्तोयेव्हस्कीला सुमारे दहा वर्षं लागली.

त्याच उपाशी दिवसांत त्याने एका विद्यार्थ्याची गोष्ट लिहायला घेतली. पैशांच्या कोंडीत सापडलेला आणि आपल्या हुशारीवर नको इतका भरवसा असलेला विद्यार्थी. तीच 'क्राइम अँड पनिशमेंट'.

या पुस्तकाच्या नादात स्टेलोव्हस्कीची मुदत जवळ आली आणि द्यायची कादंबरी सुरूसुद्धा झालेली नव्हती. मित्रांच्या सल्ल्याने त्याने स्टेनोग्राफर बोलावली. ऑक्टोबर १८६६मध्ये वीस वर्षांची अ‍ॅना स्नित्किना दारात उभी राहिली. तो दिवसा सांगायचा, ती लघुलिपीत उतरवून घ्यायची आणि रात्री घरी जाऊन स्वच्छ लिहून काढायची. सव्वीस दिवसांत कादंबरी तयार झाली. प्रकाशक मुद्दाम गावाबाहेर गेला होता, म्हणून हस्तलिखित पोलीस ठाण्यात जमा करून पावती घेतली. मुदत संपायला काही तासच उरले होते.

त्या कादंबरीचं नाव 'द गॅम्बलर'. जुगाराच्या गावात अडकलेला एक तरुण शिक्षक तिचा नायक. आपण उद्या नक्की बदलू अशी आशा तो शेवटपर्यंत सोडत नाही आणि म्हणूनच कधी बदलत नाही. स्वतःचा आजार इतका अचूक लिहून झाल्यावर माणूस बरा व्हायला हवा होता. तसं झालं नाही.

लोहाराच्या वरची खोली

१८६७च्या फेब्रुवारीत अ‍ॅना आणि त्याचं लग्न झालं. देणेकरी आणि नातेवाईक दोघांपासून सुटका व्हावी म्हणून अ‍ॅनाने हुंड्यात आलेलं सामान गहाण टाकलं आणि दोघं युरोपला निघाली. काही महिन्यांसाठी काढलेली ही सहल चार वर्षं लांबली.

त्या उन्हाळ्यात बाडेन-बाडेनमध्ये ती सात आठवडे होती. राहायला लोहाराच्या दुकानावरच्या दोन खोल्या, पहाटे चारपासून ऐरणीचा आवाज, अ‍ॅनाला दिवस गेलेले. सुरुवातीलाच त्याने तीन दिवसांत चार हजार फ्रँक जिंकले. अ‍ॅनाने हात जोडले की एवढं पुरे, आता निघू या. पण त्याच्या डोळ्यांसमोर सगळं कर्ज होतं, भावाची मुलं होती. आणखी थोडे मिळाले की सगळं एकदम मिटेल असं त्याला वाटलं.

इथे जरा थांबायला हवं. दोस्तोयेव्हस्की हावरट नव्हता. घेतलेले पैसे तो मजेत उडवत नव्हता, त्याला घर सावरायचं होतं. म्हणूनच चार हजार मिळूनही त्याला उठता आलं नाही. पुरेसे किती, याचा आकडा टेबलावर बसण्याआधी ठरलेला नव्हता, तो मनातल्या गरजेइतका वाढत गेला. आणि कर्जबाजारी माणसाची गरज कधीच संपत नाही.

चार हजार गेले. मग अ‍ॅनाची कर्णफुलं आणि ब्रोच गहाण पडले. मग लग्नाच्या अंगठ्या, मग कपडे. तो घरी येऊन गुडघ्यांवर बसून रडायचा, माफी मागायचा, उरलेली नाणी घेऊन परत जायचा. अ‍ॅना हे सगळं आपल्या वहीत लघुलिपीत लिहून ठेवत होती. तिची लिपी इतकी खासगी होती की ती वाचायला पुढच्या शतकातल्या अभ्यासकांना मेहनत घ्यावी लागली.

१८६८मध्ये जिनिव्हात त्यांची पहिली मुलगी सोन्या जन्मली. त्यानंतर काही आठवड्यांतच तो पुन्हा जवळच्या कॅसिनोच्या गावी जाऊन हरून आला. मे महिन्यात, तीन महिन्यांची होता होता, सोन्या न्यूमोनियाने गेली. तेव्हा तो 'द इडियट' लिहीत होता.

शेवटचा डाव

एप्रिल १८७१. दोघं ड्रेस्डेनमध्ये होती. एक छोटी मुलगी घरात, अ‍ॅना पुन्हा गरोदर, घरात तीनशे थालेर. लिखाण अडलं होतं आणि तो खचला होता. अ‍ॅनाच्या एक गोष्ट लक्षात आली होती. हरून आला की तो शांत होऊन कामाला लागतो. तिनेच शंभर थालेर काढून त्याला नशीब आजमावून यायला सांगितलं. ते परत येणार नाहीत, हे तिला पक्कं माहीत होतं.

वीसबाडेनला ते गेले. त्याने परतीच्या भाड्यासाठी तीस थालेर मागवले. अ‍ॅनाने पाठवले. तेही त्याने टेबलावर घातले.

त्या रात्री तो रशियन पाद्रीला शोधत अनोळखी गल्ल्यांतून अंधारात धावत सुटला. चर्च समजून एका इमारतीपाशी पोहोचला, तर ते यहुद्यांचं प्रार्थनास्थळ निघालं. अंगावर थंड पाणी ओतल्यासारखा तो खोलीवर परतला आणि रात्री अ‍ॅनाला पत्र लिहिलं की दहा वर्षं मानगुटीवर बसलेलं भूत उतरलं. भाड्यासाठी आणखी तीस थालेरही मागितले.

अशी वचनं अ‍ॅनाने किती वेळा वाचली होती. तिने विश्वास ठेवला नाही, पैसे मात्र पाठवले. या वेळी तो खरंच घरी आला. पुढची दहा वर्षं, मरेपर्यंत, तो जुगाराच्या टेबलावर बसला नाही. उपचारासाठी जर्मनीतल्या एम्सला तो नंतर चार वेळा गेला, तरीही नाही.

भूत खरंच कसं उतरलं?

सोपं उत्तर कुणाकडे नाही. पण आजूबाजूला काय बदललं ते दिसतं. त्या जुलैमध्ये कुटुंब पीटर्सबर्गला परतलं. तिथे रुलेट नव्हतं. १८७२च्या अखेरीस जर्मनीतले कॅसिनोही कायद्याने बंद झाले. आपल्याकडे २०२५च्या कायद्याने पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणली, त्यावर वाद होऊ शकतो. पण हात पोहोचेल तिथे टेबलच नसणं ही मनाला केवढी मोठी मदत असते, हे इथे दिसतं.

दुसरा बदल अ‍ॅना. घरचा हिशेब तिने हातात घेतला. देणेकऱ्यांशी ती बोलू लागली, हप्ते ठरवू लागली. १८७३मध्ये नवऱ्याची 'डेमन्स' ही कादंबरी घरूनच छापून तिने विकली आणि मग तोच व्यवसाय केला. एका रात्रीत फिटेल अशी त्याची समजूत असलेलं कर्ज तिने कित्येक वर्षांत, थोडं थोडं करून, फेडलं.

म्हणूनच जुगार होता म्हणून एवढं मोठं साहित्य झालं, हा आवडता समज मला पटत नाही. 'द ब्रदर्स कारामाझोव्ह' ही त्याची सगळ्यात मोठी कादंबरी १८८० साली पूर्ण झाली, शेवटच्या डावानंतर नऊ वर्षांनी, हिशेब ठेवलेल्या घरात. १८८१च्या सुरुवातीला तो गेला तेव्हा कर्जं जवळपास फिटलेली होती.

आपल्याकडे धर्मराजाची गोष्ट लहानपणीच ऐकवतात. द्यूत वाईट हे धर्मराजाला कुणी शिकवायला नको होतं आणि डोकं शांत ठेवा हे दोस्तोयेव्हस्कीलाही. दोघांचं अडलं ते एकाच ठिकाणी. उठायची वेळ त्यांनी डाव सुरू झाल्यावर ठरवायला घेतली. ती वेळ, किती हरलो की थांबायचं आणि किती जिंकलो की थांबायचं, हे सगळं बसण्याआधी ठरतं. तेही एकट्याने ठरवू नये. खोलीतल्या त्या मित्राला सांगून ठेवावं, जो खेळत नाहीये. आणि त्याने दोन वाजता हाक मारली, की वाद न घालता उठावं.