रहीमसाहेब : फायनल जिंकायला शिकवणारा शाळामास्तर

फुटबॉलची फायनल म्हटली की आपल्या घरातली मुलं मेस्सी, रोनाल्डोची नावं घेतात. त्यांना सय्यद अब्दुल रहीम कोण, हे विचारून पाहा. फार तर एखादा 'मैदान' सिनेमाचं नाव घेईल. म्हणूनच आज आम्ही रहीमसाहेबांविषयी लिहितोय.

त्यांचा जन्म १७ ऑगस्ट १९०९ रोजी हैदराबादेत झाला. आपला मराठवाडा तेव्हा त्याच संस्थानात होता. उस्मानिया विद्यापीठात शिकून ते शाळेत शिक्षक झाले. मास्तरकी आणि फुटबॉल, दोन्ही त्यांनी एकाच पद्धतीनं शिकवलं : जे कच्चं आहे, त्यावर आधी मेहनत. पोरं एकाच पायानं खेळतात, हे बघून त्यांनी कमजोर पायानंच खेळायच्या स्पर्धा घेतल्या. चेंडू स्वतःजवळ न ठेवता लगेच साथीदाराला द्यायचा, ही सवयही त्यांनीच लावली.

या तालमीचा निकाल मुंबईनं पाहिला. रोव्हर्स चषक ही त्या काळची मोठी स्पर्धा. १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षं रहीमसाहेबांच्या हैदराबाद सिटी पोलीस संघानं तो चषक नेला. १९५१ मध्ये दिल्लीच्या आशियाई स्पर्धेत इराणला १-० हरवून भारतानं सुवर्ण जिंकलं, तेव्हाही प्रशिक्षक तेच होते.

हारही त्यांनी पाहिली. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये युगोस्लाव्हियानं आपल्याला १०-१ नं धुतलं. आपले बरेच खेळाडू अनवाणी खेळले होते. रहीमसाहेब खचले नाहीत, खेळाची पद्धत बदलली. चारच वर्षांत मेलबर्नला नेव्हिल डिसोझाच्या तीन गोलांच्या जोरावर ऑस्ट्रेलियाला ४-२ हरवून भारत उपांत्य फेरीत गेला. आशियातला कुठलाच संघ तोवर तिथं पोहोचला नव्हता.

मग आली ४ सप्टेंबर १९६२ ची जकार्ताची फायनल. समोर दक्षिण कोरिया, ज्यानं पहिल्याच सामन्यात आपल्याला २-० हरवलं होतं. इस्रायल आणि तैवानला स्पर्धेबाहेर ठेवल्याबद्दल एका भारतीय पदाधिकाऱ्यानं आक्षेप घेतला होता, म्हणून प्रेक्षक भारतावर भडकलेले. बचावपटू जर्नेल सिंग यांच्या डोक्याला टाके. रहीमसाहेबांनी त्यांनाच पुढं, गोल करायला उभं केलं! पी. के. बॅनर्जींनी पहिला गोल केला, जर्नेल सिंगांनी दुसरा. कोरियानं शेवटी एक फेडला, पण सुवर्ण भारताचंच झालं.

त्यानंतर जेमतेम नऊ महिन्यांनी, ११ जून १९६३ रोजी, कॅन्सरनं रहीमसाहेब गेले. वय अवघं ५३. आशियाई स्पर्धेतलं फुटबॉलचं सुवर्ण भारताला पुन्हा मिळालेलं नाही.

आम्ही शिक्षक मंडळी मुलांचे कच्चे विषय लाल शाईनं दाखवून मोकळे होतो. रहीमसाहेब त्याच कच्च्या पायावर मुलांना उभं करायचे. मुलांना मेस्सी जरूर बघू द्या, पण या मास्तरांची गोष्टही एकदा सांगा.