मेरी पिकफर्ड (१८९२–१९७९)
मूकपटाच्या अग्रगण्य अभिनेत्री मेरी पिकफर्ड यांचा जन्म कॅनडातील टोरांटो येथे झाला. वडिलांच्या अकाली निधनानंतर कुटुंबाच्या चरितार्थासाठी त्यांना बालवयातच रंगभूमीवर उतरावे लागले. १९१९ मध्ये चॅप्लिन, फेअरबँक्स व ग्रिफिथ यांच्यासह ‘युनायटेड आर्टिस्ट्स’ ही संस्था स्थापून त्यांनी आपल्या चित्रपटांची सूत्रे स्वतःच्या हाती घेतली. १९२६ मध्ये पती फेअरबँक्स यांच्यासह त्या मॉस्कोला गेल्या, तेव्हा त्यांना पाहण्यासाठी लोटलेली गर्दी वृत्तपटाच्या कॅमेऱ्याने टिपली. हीच दृश्ये गुंफून सर्गेई कोमारोव्ह यांनी १९२७ मध्ये तारकावेडाची थट्टा करणारा ‘मेरी पिकफर्डचे चुंबन’ हा विनोदी मूकपट रचला. ज्या प्रतिमेच्या मालकीसाठी पिकफर्ड झटल्या, तीच परक्या संकलकाच्या हाती निराळी कथा सांगू लागली.