वि. स. पागे : मजुराचा हक्क आणि गावचा रस्ता

महाराष्ट्रातील खेड्यापाड्यांत मजुरांच्या हातांनी तयार झालेल्या कितीतरी रस्त्यांमागे एका माणसाचा विचार आहे. रोजगार हमी योजनेचे जनक विठ्ठल सखाराम पागे यांचं नाव मात्र आज आपल्या मुलांना क्वचितच ठाऊक असतं.

पागे यांचा जन्म १९१० चा. कायद्याचं शिक्षण घेतलेले, स्वातंत्र्यलढ्यातून आलेले. १९६० ते १९७८ अशी अठरा वर्षं ते विधान परिषदेचे सभापती होते. पद मोठं, पण लक्ष सांगली जिल्ह्यातल्या तासगावकडच्या कोरडवाहू शेतीवर. पेरणी-कापणी संपली की शेतमजूर रिकामा. दुष्काळ पडला की सरकार कामं काढायचं, पाऊस आला की बंद करायचं. पागेंचं म्हणणं असं की काम ही खैरात नव्हे, तो मागणाऱ्याचा हक्क असावा. १९६५ मध्ये तासगाव तालुक्यात विसापूरला याचा प्रयोग झाला. मुख्यमंत्री वसंतराव नाईक यांनी साथ दिली आणि १९७२ मध्ये योजना राज्यभर गेली. त्याच सुमारास भीषण दुष्काळ पडला. मे १९७३ मध्ये सुमारे ५० लाख माणसं सरकारी कामांवर होती, खडी फोडत होती, रस्त्यांवर माती टाकत होती.

पुढे पैसा कुठून आणायचा? १९७५ मध्ये व्यवसाय कर आला. आम्हा शिक्षकांच्या पगारातून दरमहा २०० आणि फेब्रुवारीत ३०० रुपये कापले जातात ना, तोच हा कर. शहरातल्या नोकरदाराने खेड्यातल्या मजुरासाठी दिलेला वाटा. १९७७ मध्ये कायदा झाला, २६ जानेवारी १९७९ पासून लागू झाला. काम मागितल्यावर १५ दिवसांत मिळालं नाही तर बेकारी भत्ता, अशी त्यात तरतूद होती.

पण एक गोष्ट राहून गेली. खर्चातला किमान ६० टक्के भाग मजुरीवर जायला हवा, असा नियम. मजुरासाठी तो योग्यच. मात्र त्यामुळे मोरी, खडी, डांबर यांना पैसा कमी पडायचा. माती-मुरमाचे रस्ते झाले, आणि बरेचसे पावसाने नेले. काम मागण्याचा हक्क मजुराला मिळाला, झालेला रस्ता सांभाळण्याची जबाबदारी मात्र कुणावर पक्की बसली नाही.

आपल्या मालवण पट्ट्यात हे जास्तच जाणवतं. लाल माती, उतार आणि चार महिने धो धो पाऊस. गटार तुंबलं की पाणी रस्त्यावरून वाहतं, आधी कडा खचतात, मग खड्डे पडतात. मिरगाआधी गटारं उपसली, मोऱ्या मोकळ्या केल्या, कडांना माती भरली, तर तोच रस्ता कितीतरी वर्षं जास्त टिकतो. याला मोठं यंत्र लागत नाही, माणसांचे हात लागतात. आणि ही कामं येतात उन्हाळ्यात, म्हणजे शेतीतलं काम थांबलेलं असतं तेव्हा. पागेंनी विचार केला तो नेमका याच दिवसांचा.

पागे १९९० मध्ये गेले. १५ वर्षांनी, २००५ मध्ये, केंद्राने देशभरासाठी रोजगार हमीचा कायदा केला, त्याचं बीज महाराष्ट्रातलंच. त्यांची आठवण ठेवायची तर पुढच्या ग्रामसभेत नवा रस्ता मागण्याआधी एवढंच विचारावं : आपल्या वाडीचा आहे तो रस्ता सांभाळणार कोण, आणि पावसाआधी त्याची मजुरी कुठून मिळणार?