शब्द वेचणारा साहेब

होस्टेलवर आपण दिवसातून किती वेळा ‘ओके’ म्हणतो? हा मूळचा अमेरिकन बोलीतला शब्द. १८३९ साली बोस्टनच्या एका वर्तमानपत्रात तो छापून आला, तोही गंमत म्हणून! ‘ऑल करेक्ट’चं स्पेलिंग मुद्दाम चुकवून त्याची आद्याक्षरं घेतली होती. असे शब्द वेळीच कुणी टिपून ठेवले नाहीत तर त्यांचं मूळ हरवून जातं. आपल्या मराठीचे शब्द टिपण्याचं काम तर त्याही आधी एका इंग्रज फौजी माणसाने केलं होतं. त्यांचं नाव जेम्स थॉमस मोल्सवर्थ.

मोल्सवर्थ यांचा जन्म १७९५ चा. सोळाव्या वर्षी, म्हणजे आपण दहावी पास होतो त्या वयात, ते ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेत भरती होऊन हिंदुस्थानात आले. इथे त्यांना मराठीची गोडी लागली. जॉर्ज आणि थॉमस कँडी हे जुळे भाऊ आणि काही शास्त्री-पंडित यांना सोबत घेऊन त्यांनी मराठी-इंग्रजी कोश तयार केला. तो १८३१ मध्ये छापला गेला. त्यात जवळजवळ ४०,००० शब्द होते. नुसते पोथीतले नाहीत, तर शेतातले, बाजारातले, घरातलेसुद्धा! म्हणी आल्या, गावठी रूपंही आली. कुठला शब्द संस्कृतातून आला, कुठला फारसीतून, कुठला अरबीतून, याच्या खुणाही दिल्या.

पुढे आपल्या धर्मश्रद्धेत फौजेची नोकरी बसत नाही असं वाटल्यावर त्यांनी ती सोडली. इंग्रजी-मराठी कोशही हाती घेतला होता, पण तब्येतीने साथ दिली नाही आणि ते मायदेशी परतले. तो कोश थॉमस कँडी यांनी पूर्ण करून १८४७ मध्ये काढला. मोल्सवर्थ मात्र पन्नाशी उलटल्यावर पुन्हा इथे आले, कशासाठी तर आपलाच कोश सुधारायला! १८५७ मध्ये दुसरी आवृत्ती निघाली तेव्हा शब्द ६०,००० च्या घरात गेले होते. १८७१ मध्ये इंग्लंडमध्ये त्यांचं निधन झालं.

आमची मैंदर्गी अक्कलकोट तालुक्यात, कर्नाटकच्या सीमेला लागून. तिथे मराठीत कन्नड कधी मिसळतं ते कळतसुद्धा नाही. अशी मुलं शहरात आली की कुणीतरी हसतं, मग ती वर्गात तोंडच उघडत नाहीत. मोल्सवर्थ साहेब असते तर हसले नसते, वही काढून शब्द लिहून घेतला असता. माझ्यासारख्या कॉन्व्हेंटवाल्याला तर त्यांचा कोश फारच सोयीचा, कारण अर्थ इंग्रजीत आहे! शिकागो विद्यापीठाने तो इंटरनेटवर फुकट ठेवलाय. तेव्हा रूममेटच्या बोलीतला एखादा शब्द ऐकून हसू आलं, तर आधी त्यात शोधून बघा. कदाचित तो दीडशे वर्षांपासून तिथे मानाने बसलेला असेल.