स्काउटांचे थोरले बंधू

लॉर्ड बेडन-पॉवेल १८५७ साली लंडनमध्ये जन्मले. तिसऱ्या वर्षी पितृछत्र हरपले. थोरल्या भावाच्या हाताखाली ते होडी हाकायला शिकले. मॅफेकिंगच्या २१७ दिवसांच्या वेढ्यात (१८९९-१९००) शाळकरी मुलांनी निरोप पोहोचवले. जबाबदारी टाकली की मुले ती पेलतात, हे त्यांनी पाहिले. १९०७ साली ब्राउनसी बेटावर सुमारे २० मुलांचे शिबिर भरवून त्यांनी तुकड्यांचे नायक मुलांतूनच नेमले. स्काउटमास्तराने हुकूम न सोडता थोरल्या भावासारखे वागावे, ही त्यांची अपेक्षा. हिंदुस्थानात मात्र आरंभी हिंदी मुलांना दार बंद होते. म्हणून १९१७ साली ॲनी बेझंट यांनी मद्रासेत निराळी संघटना काढली. १९२१ च्या भेटीत बेडन-पॉवेल यांनी तिला आपल्यात सामावून घेतले. ८ जानेवारी १९४१ रोजी केनियात ते निवर्तले.