डॉ. अल्बर्ट सेबिन

गोवर एकदा येऊन गेला, की तो सहसा पुन्हा त्या माणसाच्या वाटेस जात नाही, हे आपल्या घरांतील वडीलधारी माणसे पिढ्यान्‌पिढ्या जाणून आहेत. एकदा भेटलेल्या शत्रूला शरीर विसरत नाही. मग डेंग्यूचा ताप काही माणसांना पुन्हा का गाठतो? हे कोडे पुष्कळ काळ सुटले नव्हते. ते उलगडण्यात ज्यांचा फार मोठा वाटा आहे, ते शास्त्रज्ञ म्हणजे डॉ. अल्बर्ट सेबिन. पोलिओच्या तोंडावाटे द्यावयाच्या लशीचे जनक म्हणून जग त्यांना ओळखते. परंतु त्यापूर्वीची त्यांची ही कामगिरीही तितकीच मननीय आहे.

सेबिन यांचा जन्म २६ ऑगस्ट १९०६ रोजी बियालिस्टोक या गावी एका ज्यू कुटुंबात झाला. हे गाव त्या वेळी रशियन साम्राज्यात होते. आज ते पोलंडमध्ये आहे. १९२१ साली हे कुटुंब मायदेश सोडून अमेरिकेत गेले व न्यू जर्सी राज्यातील पॅटर्सन या शहरी स्थायिक झाले. पुतण्याने दंतवैद्य व्हावे, या अटीवर एका चुलत्याने त्यांच्या शिक्षणाचा भार उचलला. परंतु सूक्ष्मजंतूंचा शोध घेणाऱ्या शास्त्रज्ञांच्या चरित्रांचे एक पुस्तक या तरुणाच्या हाती पडले आणि त्याचे मन दंतवैद्यकातून उडाले. त्याने वैद्यकशास्त्राची वाट धरली. चुलत्याचे साहाय्य थांबले; पण लहानमोठी कामे करून व शिष्यवृत्ती मिळवून त्याने आपला अभ्यास तडीस नेला. १९३१ साली न्यूयॉर्क विद्यापीठाची वैद्यकीय पदवी घेऊन सेबिन बाहेर पडले, आणि विषाणूंचे संशोधन हेच त्यांचे जीवितकार्य ठरले.

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेचे सैनिक प्रशांत महासागरातील बेटांवर व आशियातील उष्ण प्रदेशांत लढत होते. तेथे बंदुकीच्या गोळीइतकीच डासाची सोंडही घातक ठरली. डेंग्यूने हजारो सैनिक अंथरुणास खिळले. या रोगाचा अभ्यास सेनादलाने सेबिन यांच्याकडे सोपविला. जपानमध्ये सुसुमु होत्ता व रेन किमुरा यांनी १९४३ साली डेंग्यूचा विषाणू वेगळा केला होता. पुढच्याच वर्षी सेबिन यांनी कोलकाता, न्यू गिनी व हवाई येथे आजारी पडलेल्या सैनिकांच्या रक्तातून तो मिळविला. आपला सहकारी वॉल्टर श्लेसिंजर याच्यासह त्यांनी तो प्रयोगशाळेतील उंदरांत वाढविला.

आता खरी कसोटी होती. एकदा डेंग्यू झालेला माणूस त्यापासून कायमचा सुरक्षित होतो काय? त्या काळी असे प्रयोग माणसांवर केले जात. न्यू जर्सीच्या तुरुंगातील काही कैद्यांनी स्वयंसेवक म्हणून त्यांत भाग घेतला. कैद्यांवर प्रयोग करण्यास आज अतिशय कडक निर्बंध आहेत. म्हणून त्या अनामिक माणसांचे ऋण विसरून चालणार नाही. प्रयोगात असे दिसून आले, की एका जातीच्या विषाणूने ताप आलेल्या माणसास दीड वर्षानंतरही त्याच जातीचा विषाणू बाधला नाही. परंतु दुसऱ्या जातीपासून मिळणारे पूर्ण संरक्षण जेमतेम दोन महिनेच टिकले. पुढे ते ओसरत गेले.

याचे मर्म रक्तात होते. रोगाशी झुंजताना शरीर प्रतिपिंडे नावाची द्रव्ये निर्माण करते. बऱ्या झालेल्या माणसाच्या रक्तातील पाण्यासारखा भाग, म्हणजे रक्तरस, विषाणूत मिसळून ते मिश्रण उंदरास टोचावयाचे. उंदीर वाचला, तर त्या विषाणूस आवरणारी प्रतिपिंडे त्या रक्तरसात आहेत, असे समजावयाचे. अशा परीक्षांतून हवाई व न्यू गिनी येथील विषाणू निरनिराळ्या प्रकारांचे ठरले. पुढे १९५६ साली मनिला येथील साथीत आणखी दोन प्रकार सापडले. अशा रीतीने डेंग्यूच्या विषाणूंचे चार प्रकार जगाला ज्ञात झाले.

वेशीवरच्या रखवालदाराने एका चोराचा चेहरा ओळखून ठेवावा, आणि तसाच दिसणारा त्याचा भाऊ मात्र आत शिरावा, तसे हे आहे. इतकेच नव्हे, तर कधीकधी रखवालदारच त्याला घरात घेऊन येतो! पहिल्या प्रकाराविरुद्ध तयार झालेली प्रतिपिंडे दुसऱ्या प्रकाराच्या विषाणूस चिकटतात, पण त्यास निष्प्रभ करू शकत नाहीत. उलट त्यांच्या आधाराने तो पेशींत सुलभतेने शिरतो व वाढतो. त्यामुळे दुसऱ्या वेळचा डेंग्यू काही रोग्यांत अधिक गंभीर रूप धारण करतो. सर्वांच्याच बाबतीत असे घडते, असे मात्र नाही.

आज रुग्णालयात रक्ताचे काही थेंब घेऊन प्रतिपिंडांची परीक्षा करता येते. ताप आल्यावर चार-पाच दिवसांनी आयजीएम ही प्रतिपिंडे दिसू लागतात. आयजीजी ही प्रतिपिंडे वर्षानुवर्षे टिकतात. पुण्याची राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्था आयजीएमच्या परीक्षेचे संच तयार करते व ते देशभरातील रुग्णालयांस पुरविले जातात. आयजीजी आढळली, तर पूर्वी कधीतरी डेंग्यू होऊन गेला असावा, असा बोध होतो. परंतु तो पुन्हा होणार नाही, अशी ग्वाही त्यातून मिळत नाही.

युद्ध संपल्यावर सेबिन पोलिओकडे वळले. त्याचेही तीन प्रकार होते, आणि तिन्हींपासून मुलांचे रक्षण व्हावयास हवे होते. त्यांनी जिवंत पण दुर्बल केलेल्या विषाणूंची लस तयार केली व प्रथम स्वतः घेतली. आपल्या मुलींनाही दिली. अमेरिका व सोव्हिएत संघ यांच्यात तीव्र वैर असतानाही १९५९ साली त्या देशातील लक्षावधी मुलांना ही लस देण्यात आली. सेबिन यांनी तिचे एकस्व घेतले नाही. हीच लस आपल्या गावोगावच्या बालकांच्या मुखी पडली, आणि २०१४ साली भारत पोलिओमुक्त घोषित झाला. ते पाहण्यास सेबिन हयात नव्हते. ३ मार्च १९९३ रोजी वॉशिंग्टन येथे त्यांचे निधन झाले होते.

एका प्रकारावर मिळालेला विजय म्हणजे संपूर्ण विजय नव्हे, हे सेबिन यांनी डेंग्यूच्या अभ्यासातून दाखवून दिले. म्हणून ज्याला एकदा डेंग्यू होऊन गेला आहे, त्यानेही आपल्या अंगणातील साचलेले पाणी ओतून टाकण्यास कधीही आळस करू नये.